पिकेटवर रात्र न काढलेल्या माणसानं फौजेला हुकूम द्यावा का?

साताऱ्यातल्या एका भरती अकॅडमीत मुलांशी गप्पा मारायला मला अधूनमधून बोलावतात. गेल्या महिन्यात तिथं अपशिंग्याचा एक मुलगा उठून उभा राहिला. अपशिंगे म्हणजे आपलं मिलिटरी अपशिंगे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले, इंग्रजांनी उभारलेला त्यांचा स्मृतिस्तंभ आजही गावात आहे. पोरगा म्हणाला, ‘सर, माझे आजोबा हवालदार होते. ते म्हणतात, पंतप्रधान आणि संरक्षणमंत्री व्हायला निदान पाच वर्षं मिलिटरी केलेली पाहिजे. ज्यानं कधी पिकेटवर, म्हणजे अगदी पुढच्या ठाण्यावर, रात्र काढली नाही, तो दुसऱ्याच्या पोराला मरायला कसा पाठवतो? तुम्ही अठ्ठावीस वर्षं काढलीत. तुमचं मत काय?’

तास संपत आला होता. ‘गरज नाही, आपल्याकडं लोकशाही आहे,’ एवढं बोलून मी खाली बसलो. घरी येईपर्यंत तेच उत्तर मला टोचत राहिलं. शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शोभेल असं ते होतं, आणि आजोबांचा प्रश्न काही पुस्तकातून आलेला नव्हता. म्हणून आता सविस्तर लिहितो.

आधी ‘हुकूम’ या शब्दाबद्दल. राज्यघटनेच्या कलम ५३ नं तिन्ही दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडं दिलंय. प्रत्यक्षात निर्णय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीत होतात आणि संरक्षणमंत्र्यांमार्फत दलप्रमुखांपर्यंत येतात. १ जानेवारी २०२० पासून संरक्षणमंत्र्यांना सल्ला देणारं चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ हे पदही आलं. पण वरून खाली येतं त्या कागदात नेमकं काय असतं? काय साधायचंय, कुठली रेषा ओलांडायची नाही, आणि त्यासाठी काय मिळणार आहे. बास. कुठल्या कड्यावरून चढायचं, कुठली कंपनी पुढं राहील, तोफा किती वाजता सुरू होतील, हे त्यात नसतं, आणि असेल तर काहीतरी बिघडलंय असं खुशाल समजावं.

कारगिलचंच घे. १९९९ च्या मे महिन्यात वाजपेयी सरकारनं सांगितलं की घुसखोर हटवा, हवाई दल वापरा, पण नियंत्रण रेषा ओलांडू नका. २६ मेपासून विमानं उडाली तीसुद्धा रेषेच्या अलीकडं राहूनच. टायगर हिल कुठल्या बाजूनं चढायची हे दिल्लीत ठरलं नाही, ते पलटणींनी आणि त्यांच्यावरच्या ब्रिगेडनं ठरवलं. रेषा न ओलांडण्याची किंमत मात्र पायदळानं मोजली, कारण शत्रूची रसद मागून तोडायची वाट बंद झाली आणि बरेचसे कडे समोरून चढावे लागले. ५२७ जण गेले. दुसऱ्या बाजूला, त्याच संयमामुळं जग आपल्या बाजूला राहिलं आणि पाकिस्तान एकटं पडलं. मी तेव्हा मेजर होतो, दुसऱ्या सेक्टरमध्ये. मेसमध्ये आम्ही त्या अटीला शिव्या घालत होतो. आजही माझं मन पूर्ण एका बाजूला झुकत नाही. पण ती अट घालणं हे सेनापतीचं काम नव्हतं, पंतप्रधानाचंच होतं, आणि पाच वर्षं वर्दी घालून ते शिकता आलं नसतं. पिकेटवर समोरचा डोंगर दिसतो, वॉशिंग्टन दिसत नाही.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडं येतो. आजोबांच्या प्रश्नाला याच्याइतकं चांगलं उत्तर मला दुसरं सुचत नाही.

यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याचे. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. लहानपणीच वडील गेले, शिक्षण कऱ्हाडला, पुढं वकिली, बेचाळीसला भूमिगत. बंदुकीशी म्हणावा असा संबंध नाही. २१ नोव्हेंबर १९६२ ला त्यांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली, आणि त्याच दिवशी चीननं एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. म्हणजे युद्ध हरून संपलेलं आणि खातं हातात आलेलं. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानानं म्हणतो. धावून गेलेल्या सह्याद्रीपुढं मात्र खचलेली फौज, एकमेकांवर विश्वास नसलेले सेनाधिकारी आणि सचिव, आणि जुन्या रायफली होत्या.

त्याआधी काय झालं होतं? लोक सगळा दोष नेहरू आणि तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन या दोन ‘सिव्हिलियन’ माणसांवर टाकतात. तो त्यांच्याकडं जातोच, मी तो पुसत नाही. पण ज्या कोअरवर ईशान्य सीमेवरची थाग ला ही डोंगरधार चिन्यांकडून मोकळी करायची जबाबदारी होती तिचे कमांडर लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल वर्दीतलेच होते, सँडहर्स्टमध्ये शिकलेले. लढाईत पलटणीचं नेतृत्व मात्र त्यांनी कधी केलं नव्हतं. आपल्या ब्रिगेडिअर दळवींची ७ ब्रिगेड नामका चू नाल्याकाठी सुती कपड्यांत, माणशी पन्नासेक राउंड घेऊन उभी केली गेली. उंचीची सवय करून घ्यायला वेळ दिला नाही. नऊ हजार फुटांच्या वर माणूस टप्प्याटप्प्यानं चढवावा लागतो, पंधरा हजारांच्या वर लढायला तयार व्हायला आजच्या नियमानं साधारण चौदा दिवस लागतात. हे दिल्लीला माहीत नव्हतं असं समजू. पण वर्दीतल्या ज्यांना माहीत होतं, त्यांनी ते ठणकावून सांगितलं नाही, आणि ज्यांनी सांगितलं त्यांना बाजूला केलं गेलं. माझ्या मते खरी गफलत इथं आहे.

(जाता जाता, कारण माणूस एका रंगाचा नसतो. सैनिक शाळांची कल्पना याच मेननांची. आणि त्यातली पहिली, जून १९६१ ची, आपल्या साताऱ्याची. तेव्हा मुख्यमंत्री होते चव्हाण.)

चव्हाणांनी आल्या आल्या एक गोष्ट केली, ती म्हणजे आपल्याला काय येत नाही हे लपवलं नाही. सेनाप्रमुखांना, सचिवांना, खालच्या अधिकाऱ्यांना विचारत सुटले, पुढच्या ठाण्यांवर जाऊन आले. बासष्टच्या पराभवाची लष्करी चौकशी झाली, तिच्याबद्दल २ सप्टेंबर १९६३ ला त्यांनी संसदेत निवेदन केलं. त्यातला एक मुद्दा मी तरुण अधिकाऱ्यांना नेहमी सांगायचो. फौज कितीही मोठी आणि सुसज्ज असली तरी सरकारनं तिला धोरणाची दिशा आणि मोठे आदेश द्यावेच लागतात. पण ते आदेश फौजेच्या आकाराला आणि तिच्या हातातल्या सामानाला धरून असले पाहिजेत. सामान वाढवायला पैसा लागतो आणि वेळही लागतो. कधी वर्दी न घातलेल्या माणसानं आमच्या पेशाचं सार असं तीन ओळींत मांडलं. त्याच निवेदनात वरच्या हेडक्वार्टरनी दूर बसून खालच्या तुकड्या कुठं उभ्या करायच्या इतक्या बारकाव्यात शिरल्याबद्दलही टीका आहे. १९६४ पासूनची पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना, सव्वाआठ लाखांचं सैन्य, दहा पर्वतीय डिव्हिजन, हे सगळं त्यातूनच पुढं आलं.

मग आला १ सप्टेंबर १९६५. पहाटे पाकिस्ताननं जम्मूच्या बाजूला छांबमध्ये रणगाडे घातले. अखनूरचा पूल गेला असता तर जम्मूकडून पूंछ-राजौरीला जाणारा रस्ता तुटला असता. दुपारी चारच्या सुमाराला सेनाप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलाचे एअर मार्शल अर्जन सिंग चव्हाणांच्या खोलीत आले. चौधरींनी विमानं मागितली. बासष्टमध्ये आपण लढाऊ विमानं वापरलीच नव्हती, कलकत्त्यावर बॉम्ब पडतील ही भीती होती. म्हणजे चव्हाणांसमोर ‘नाही’ म्हणायला आयतं उदाहरण तयार होतं. मंत्रिमंडळाची बैठक बोलावण्यात तास-दोन तास घालवायची सोयही होती. त्यांनी अर्जन सिंगांना विचारलं, तयारी आहे का? आणि काही मिनिटांत होकार दिला. संध्याकाळी पाच वाजून एकोणीस मिनिटांनी पठाणकोटहून पहिली विमानं उडाली.

याचं नुसतं गौरवगान मी करणार नाही. त्या संध्याकाळी आपली चार व्हँपायर विमानं पडली. ती जुनी झाली होती, पाकिस्तानी सेबरपुढं टिकणारी नव्हती, आणि लगेच ती आघाडीवरून मागं घेतली गेली. आपल्याच काही तुकड्यांवरही मारा झाला. म्हणजे निर्णय अचूक आणि स्वस्त होता असं नाही, पण तो वेळेत झाला. कुठल्या जातीचं विमान न्यायचं हे चव्हाणांनी ठरवलं नाही, ते त्यांचं कामच नव्हतं. विमान न्यायचं की नाही, युद्ध त्या पायरीवर चढवायचं की नाही, एवढंच त्यांनी ठरवलं आणि त्याची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतली. पाच दिवसांनी लाहोर आघाडी उघडायचा निर्णय शास्त्रीजींचा. शास्त्रीजी तर आयुष्यात कधी एनसीसीच्या परेडलाही उभे राहिले नसतील.

पलीकडं त्या वेळी राज्य करत होता फील्ड मार्शल. अयूब खान. गणवेशाचा अनुभवच हवा तर यापेक्षा जास्त कुठं मिळणार? त्यानं धरून चाललं होतं की काश्मिरी जनता उठाव करेल आणि भारत आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणार नाही. दोन्ही खोटं ठरलं. त्याच छांबच्या लढाईत, ऐन रंगात, २ सप्टेंबरला त्यांनी कमांडर बदलला. अख्तर मलिक जाऊन याह्या खान आला. एक दिवस हातातून गेला आणि आपण अखनूरपुढं सावरलो. १९७१ ला हाच याह्या खान राष्ट्राध्यक्षही होता आणि सरसेनापतीही. त्रेण्णव हजार युद्धकैदी त्याच्या काळातले. १९९९ चं कारगिलही तिकडच्या सेनाप्रमुखाच्याच डोक्यातून निघालं.

हे सगळे मूर्ख नव्हते. अडचण अशी की राज्यकर्ताच सेनापती असेल तर त्याला ‘हे जमणार नाही’ कोण सांगणार? सीओला, म्हणजे पलटणीच्या प्रमुखाला, त्याचा दुय्यम टूआयसी सांगू शकतो, ब्रिगेडिअरला सीओ सांगू शकतो. पण सगळ्यांत वरचा जनरल आणि राजा एकच झाला की खालच्यांचं तोंड बंद होतं. एकाहत्तरच्या एप्रिलमधली माणेकशॉंची गोष्ट आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ आहे. लगेच पूर्व पाकिस्तानात शिरा म्हटल्यावर ते म्हणाले, पावसाळा येतोय, नद्या समुद्र होतील, फौज विखुरलेली आहे, रणगाडे तयार नाहीत, मला वेळ द्या. आपण टाळ्या माणेकशॉंना देतो. मला त्या खोलीत बसलेल्या बाईचं, इंदिरा गांधींचं, जास्त कौतुक वाटतं. भर बैठकीत सेनाप्रमुख नाही म्हणतो, तिकडं लाखो निर्वासित सीमा ओलांडून येतायत, विरोधक ओरडतायत, आणि ती ‘बरं’ म्हणते. ऐकून घ्यायला धैर्य लागतं, आणि ते वर्दीबरोबर मिळतंच असं नाही.

आता माझ्या डोळ्यांदेखतच्या दोन भेटी सांगतो. नावं घेणार नाही.

उत्तर काश्मीरमध्ये तेरा हजार फुटांवर आमचं एक ठाणं होतं. सोळा माणसं. एका वर्षी एक नेते आले. तरुणपणी काही वर्षं फौजेत काढून कॅप्टन असताना बाहेर पडलेले. आल्याबरोबर जवानांच्या खांद्यावर हात, चहाचा मग हातात, सगळं छान. मग ते एलएमजीच्या, म्हणजे हलक्या मशीनगनच्या, मोर्चात शिरले आणि तिथंच अडकले. मारा कुठून कुठपर्यंत, डावीकडचा खडक आड येतो का, मोर्चा दोन फूट पुढं का नाही. पाऊण तास गेला. सुभेदार साहेब मान डोलवत होते आणि डोळ्यांनी मला विचारत होते की हेलिकॉप्टर परत कधी जाणार. नेते कॅप्टन म्हणून थांबले होते, आणि वीस वर्षांनंतरही त्यांना युद्ध कॅप्टनच्या उंचीवरूनच दिसत होतं. आम्हाला त्यांच्याकडून रॉकेल हवं होतं, बर्फातला संपर्क हवा होता. ते विषय निघालेच नाहीत.

दुसऱ्या वर्षी दुसरे आले. खेड्यातले, शेतीवाडीवाले, फौजेशी काही देणंघेणं नाही. धाप लागली होती, कानटोपी तिरकी झालेली. मोर्चाकडं त्यांनी एकदाच बघितलं. मग विचारलं, ‘रात्री इथं कुणाच्या छातीत दुखलं तर?’ मी म्हटलं, हवा बरी असेल तर सकाळी हेलिकॉप्टर, नाहीतर स्ट्रेचरवरून खाली, सहा तास. ‘उचलायला किती जण?’ चार, आणि बदलीला चार. ते जरा थांबले. ‘मग वर राहिले किती? रोग्याला धरून नऊ गेले की.’

सात. त्यांनी बोटांवर मोजलं आणि खिशातल्या वहीत लिहून घेतलं. पुढच्या हिवाळ्यात त्या ठाण्यावर माणसं वाढली. त्या वहीमुळंच वाढली असं मी म्हणणार नाही, वरती फायली कशा हलतात मला ठाऊक आहे. पण त्या माणसाचा प्रश्न स्टाफ कॉलेजच्या परीक्षेत घालावा असा होता, आणि त्याला तो सुचला तो बहुतेक आडगावातून आजारी माणूस बैलगाडीत घालून तालुक्याला नेलेला असल्यामुळं.

नंतर दोन वर्षं मी दिल्लीत होतो, वरच्यांसाठी टिपणं तयार करायच्या टेबलावर. तिथली एक गंमत कबूल करतो. आम्ही वर्दीवाले मंत्र्यापुढं नेहमी तीन पर्याय ठेवतो. पहिला इतका मिळमिळीत की कुणी घेणार नाही, तिसरा इतका जहाल की कुणाची छाती होणार नाही. उरला दुसरा, आम्हाला पहिल्यापासून हवा असलेला. वर पाच-सहा इंग्रजी आद्याक्षरांची फोडणी. निम्मे लोक त्यात गार होतात. फौजेतून आलेला नेता कधीकधी जास्तच लवकर गार होतो, कारण ती भाषा त्याला ओळखीची वाटते आणि आपल्याला सगळं कळलं असा समज होतो. सगळ्यात घाम फोडणारा माणूस तो, जो विचारतो, ‘हे मराठीत सांगा. यात काय चुकू शकतं? चुकलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपण कुठं असू?’

म्हणजे अनुभव निरुपयोगी आहे का? अजिबात नाही, इथं आजोबांचं निम्मं बरोबर आहे. २००६ च्या लेबनॉन युद्धात इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्ट आणि संरक्षणमंत्री पेरेट्झ दोघांनाही युद्ध चालवायचा अनुभव नव्हता. नंतरच्या विनोग्राड चौकशी समितीनं त्यांच्यावर कडक ठपका ठेवला. पेरेट्झ साहेबांचा तर पुढच्या वर्षीचा एक फोटो जगभर गाजला, दुर्बिणीची झाकणं न काढता ते लष्करी सराव पाहत होते. पण अहवालाचं बोट नुसत्या अननुभवावर नाही. अनुभव नव्हता, आणि तो नाही हे माहीत असून पुरेसं विचारलं नाही, हे त्यात आहे. आणि त्याच देशात १९८२ ला लेबनॉनमध्ये खोल शिरून अडकताना संरक्षणमंत्री होते जनरल शेरॉन, ज्यांच्या युद्धानुभवाबद्दल कुणीच शंका घेणार नाही.

अमेरिकेच्या यादवी युद्धातही असंच. दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस वेस्ट पॉइंटचा पदवीधर, मेक्सिकोच्या युद्धात लढलेला, माजी युद्धमंत्री. उत्तरेचा लिंकन तरुणपणी काही आठवडे गावच्या शिबंदीत कॅप्टन होता आणि आपण रक्त सांडलं ते डासांशी लढताना, असं तो स्वतःच चेष्टेनं सांगायचा. लिंकननं युद्धशास्त्राची पुस्तकं मागवून वाचली, आणि लढणारा माणूस सापडेपर्यंत सेनापती बदलत राहिला.

हे ‘माणूस सापडेपर्यंत’ साताऱ्याच्या माणसाला समजायला हरकत नाही. शाहू महाराज सात वर्षांचे असताना मोगलांच्या कैदेत गेले आणि १७०७ ला सुटले. अठरा वर्षं शत्रूच्या छावणीत. राज्यावर आल्यावरही ते मोहिमांवर स्वतः फारसे गेले नाहीत, साताऱ्यात राहून राज्य चालवलं. १७२० ला दरबारातल्या जुन्याजाणत्यांचा विरोध असताना त्यांनी एकोणीस वर्षांच्या बाजीरावाला पेशवाई दिली. १७३७ ला मराठे दिल्लीच्या वेशीवर होते, १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली. उलट पानिपतावर गेलेले सदाशिवरावभाऊ अननुभवी नव्हते. १७६० च्या सुरुवातीला उदगीरला निजामाचा पराभव करून ते उत्तरेकडं गेले होते. उदगीरचा अनुभव यमुनेच्या काठी किती कामाला आला यावर आपल्याकडं अडीचशे वर्षं वाद चाललाय, तो मी इथं उकरत नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर, ज्याला मी माझ्या पोरांवर हुकूम चालवू देईन त्याला तीन महिने कसून शिकवायला मला आवडेल. लडाखकडं जाणारी झोजी ला खिंड कधी बंद होते, दारूगोळा किती दिवसांचा आहे, एक डिव्हिजन हलवायला किती रेल्वेगाड्या लागतात, शव घरी पोचायला किती दिवस जातात. हे शिकता येतं. भारताच्या संरक्षणमंत्र्यांत गणवेशातून आलेले जसवंत सिंगही होते, २००१ मध्ये. त्यांच्याआधीचे आणि नंतरचेही जॉर्ज फर्नांडिस कामगार चळवळीतले, पण सियाचेनला इतक्या वेळा गेले की वरच्या जवानांना ते पाहुणे वाटेनासे झाले.

हे सगळं लिहायच्या आधी मी त्या मुलाच्या आजोबांना भेटायला अपशिंग्याला गेलो होतो. ओसरीवर खाट टाकून बसले होते, पाठ अजून सरळ. पासष्ट साली ते विशीतले, पंजाबात होते. मी विचारलं, ‘बाबा, तेव्हा संरक्षणमंत्री कोण होते?’

‘आपले यशवंतराव की.’

‘ते कधी मिलिटरीत होते?’

त्यांनी जरा वेळ माझ्याकडं बघितलं. आतून चहा आला, तो त्यांनी आधी माझ्याकडं सरकवला.

‘त्येंचं येगळं,’ म्हणाले.